टर्मिनलचा प्रॉम्प्ट : आपण कुठे उभे आहोत ते सांगणारी ओळ

मागच्या वेळी आपण शेल म्हणजे काय, तो आपली कमांड वाचून पुढे काय करतो ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की कर्सरच्या आधी जी छोटी ओळ दिसते, ती प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळी का असते आणि ती आपल्याला बदलता येते का. येते. आजचं व्याख्यान त्या एका ओळीवर आहे. एका ओळीसाठी अख्खं व्याख्यान कशाला, असं वाटणं साहजिक आहे, म्हणून आधी एक घटना सांगते.

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब ही प्रोग्रामर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात अशी एक सेवा. त्यांच्याकडे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. डीबी१ हा मुख्य आणि डीबी२ ही त्याची सतत अद्ययावत होत राहणारी प्रत. त्या दिवशी भार वाढला आणि प्रत मागे पडली, ती पुन्हा जुळेना. एक अभियंता रात्री उशिरापर्यंत ती दुरुस्त करत बसला होता. प्रत नव्याने सुरू करायची तर डीबी२ वरची डेटाची डिरेक्टरी रिकामी असावी लागते. म्हणून त्याने ती पुसण्याची कमांड दिली. कमांड बरोबर होती. फक्त ती डीबी१ वर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साधारण साडेचार जीबी डेटा उरला होता.

मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्रामने चालत होता आणि गुपचूप फसत होता. फसल्याचे ईमेलही कुणाला पोचत नव्हते. शेवटी कामी आली ती सहा तास आधी दुसऱ्याच कारणासाठी काढून ठेवलेली एक प्रत. सेवा सुमारे १८ तास बंद राहिली. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे साधारण ५,००० प्रकल्प, ५,००० टिपण्या आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला. कोड वाचला, कारण तो वेगळ्या ठिकाणी होता.

या लोकांचं कौतुक असं, की त्यांनी काही लपवलं नाही. काय झालं, का झालं, याचा सविस्तर अहवाल सगळ्यांसाठी प्रसिद्ध केला. त्या अहवालात सुधारणांची यादी आहे. बॅकअपची मोठमोठी कामं त्यात आहेतच, पण एक काम असंही आहे: सगळ्या सर्व्हरांवरचा प्रॉम्प्ट बदला, म्हणजे आपण कोणत्या मशीनवर आणि कोणत्या वातावरणात आहोत हे स्पष्ट दिसेल. एवढ्या मोठ्या अपघातानंतर एवढीशी ओळ बदला म्हणतात, याचा अर्थ आपण समजून घेऊ.

प्रॉम्प्ट हा शब्द आपल्याला नाटकामुळे माहीत आहे. विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर नटाला पुढचं वाक्य हळूच सुचवतो. शेलचा प्रॉम्प्ट वाक्य सुचवत नाही, तो फक्त म्हणतो, "माझं झालं, आता तुमची पाळी." सुरुवातीला त्याचं काम तेवढंच होतं. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यात स्टीफन बोर्न यांचा शेल होता. त्याचा प्रॉम्प्ट म्हणजे एक डॉलरचं चिन्ह आणि एक मोकळी जागा. तुम्ही रूट, म्हणजे सर्वाधिकारी असाल, तर डॉलरऐवजी #. बस. तेव्हा ते पुरत होतं, कारण तुमच्यासमोरचं टर्मिनल बहुधा एकाच मशीनला जोडलेलं असायचं. आज एकाच लॅपटॉपवर दहा टॅब उघडे असतात. दोन आपल्याच मशीनचे, तीन एसएसएचने जोडलेल्या सर्व्हरांचे, एखादा कंटेनरच्या आतला. सगळे काळे, सगळ्यांत पांढरी अक्षरं. एसटी स्टँडवर दहा लाल गाड्या उभ्या आहेत आणि एकीवरही पाटी नाही, तशी ही अवस्था.

तर पाटी कशी लावायची ते पाहू. मी बॅश या शेलवर दाखवते, लिनक्सवर बहुतेकांकडे तोच असतो. पडद्यावर टाइप करते आहे, पण पुष्कळ जण नंतर नुसतं ऐकतात किंवा वाचतात, त्यामुळे चिन्हं उच्चारूनही सांगते.

बॅशमध्ये प्रॉम्प्ट एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. त्याचं नाव पीएस१, दोन्ही अक्षरं कॅपिटलमधली. भावंडंही आहेत. पीएस२ म्हणजे कमांड अर्धवट सोडून एंटर दाबलं की जो > दिसतो तो. पीएस४ म्हणजे स्क्रिप्टमधल्या चुका शोधताना ओळींच्या आधी येणारा +. आज आपलं काम पीएस१शी.

त्यात साधी अक्षरं लिहिली तर ती तशीच्या तशी दिसतात. पण बॅकस्लॅश आणि एखादं अक्षर लिहिलं, की बॅश प्रत्येक वेळी तिथे ताजी माहिती भरतो. बॅकस्लॅश यू म्हणजे वापरकर्त्याचं नाव. बॅकस्लॅश एच, लहान एच, म्हणजे मशीनचं नाव. बॅकस्लॅश लहान डब्ल्यू म्हणजे आपण ज्या डिरेक्टरीत आहोत तिचा पूर्ण मार्ग, मोठा डब्ल्यू म्हणजे फक्त शेवटचं नाव. बॅकस्लॅश टी म्हणजे वेळ. आणि बॅकस्लॅश डॉलर म्हणजे साध्या माणसासाठी $, रूटसाठी #. तर पीएस१, बरोबरचं चिन्ह, एकेरी अवतरण, मग बॅकस्लॅश यू, ॲट, बॅकस्लॅश एच, कोलन, बॅकस्लॅश डब्ल्यू, बॅकस्लॅश डॉलर, एक मोकळी जागा, आणि अवतरण बंद. एंटर दाबलं की लगेच दिसेल:

सीमा@लॅपटॉप:~/हिशेब$

हे फक्त या विंडोपुरतं आहे. बिघडलं तर विंडो बंद करा, नवी उघडा, पहिला प्रॉम्प्ट परत. म्हणून आधी असं हातानेच करून बघा. मनासारखं झालं की मगच ती ओळ होम डिरेक्टरीतल्या डॉट बॅशआरसी या फाइलच्या शेवटी लिहा.

आता जिथे माणसं खरोखर फसतात तिकडे येते. वाईट प्रॉम्प्ट दोन प्रकारचे असतात. काहीच न सांगणारा आणि खोटं सांगणारा. दुसरा जास्त वाईट.

पहिलं खोटं अवतरणांचं. मी मघाशी एकेरी अवतरण म्हटलं, ते मुद्दाम. दुहेरी अवतरण वापरलं तर शेल ती ओळ साठवतानाच आतल्या काही गोष्टी सोडवून मोकळा होतो. बॅकस्लॅश डॉलरमधला बॅकस्लॅश तो तिथेच खाऊन टाकतो आणि उरतो नुसता डॉलर. परिणाम? तुम्ही रूट झालात तरी प्रॉम्प्ट $ च दाखवणार. पाटी "साधा प्रवासी" म्हणते आणि हातात मात्र सगळ्या कुलपांच्या किल्ल्या. मी स्वतः हे केलेलं आहे. कुठूनतरी उचललेली ओळ रूटच्या फाइलमध्ये टाकली, आणि # दिसतोच की, मग नाव कशाला, म्हणून बॅकस्लॅश यू काढूनही टाकला. कित्येक महिने रूट असताना मला $ दिसत होता आणि मला ते खटकलंही नाही. त्यातून काही मोडलं नाही, हे केवळ नशीब.

याच कारणाने आणखी एक गंमत होते. गिटची ब्रँच प्रॉम्प्टमध्ये दिसावी म्हणून लोक डॉलर आणि कंसात कमांड लिहितात. दुहेरी अवतरणात ती कमांड एकदाच चालते, फाइल वाचली जाते तेव्हा. मग तुम्ही दिवसभर ब्रँच बदलत राहा, प्रॉम्प्ट सकाळचीच ब्रँच दाखवत राहतो. एकेरी अवतरणात ती दर वेळी नव्याने चालते.

दुसरं खोटं मशीनच्या नावाचं, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बॅकस्लॅश लहान एच मशीनचं नाव पहिल्या टिंबापर्यंतच दाखवतो. समजा तुमच्याकडे एक डेटाबेस चाचणीचा आहे, त्याचं नाव डीबी१ टिंब टेस्ट टिंब अमुक. आणि खरा, ग्राहकांचा आहे, त्याचं नाव डीबी१ टिंब प्रॉड टिंब अमुक. लहान एच दोन्हीकडे दाखवणार डीबी१. नाव बरोबर, पण उपयोग शून्य. मोठा एच लिहिला तर पूर्ण नाव येतं. तेही चालेल, पण लांबलचक नावातला मधला एक शब्द रात्री दोन वाजता डोळ्यांना दिसेलच असं नाही. गिटलॅबच्या दोन सर्व्हरांच्या नावांत तर एका आकड्याचाच फरक होता.

म्हणून वातावरणाचं नाव वेगळं, पहिल्याच जागी आणि पूर्ण शब्दात लिहावं. त्यासाठी सर्व्हरवर एक छोटी मजकुराची फाइल ठेवायची, तिच्यात एकच शब्द: प्रॉडक्शन किंवा चाचणी. शेल सुरू होताना ती एकदा वाचायची आणि तो शब्द पीएस१च्या सुरुवातीला लावायचा. ही कल्पना नवी नाही. डेबियन किंवा उबुंटूची मूळ बॅशआरसी उघडलीत तर पीएस१च्या सुरुवातीला डेबियन-सीएचरूट असा एक विचित्र तुकडा दिसतो. पुष्कळ जण तो निरुपयोगी समजून काढून टाकतात. तो नेमकं हेच करतो. तुम्ही मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात असाल, तर एका फाइलमधून त्या कप्प्याचं नाव वाचून कंसात दाखवतो.

हे सगळं सर्व्हरवर करायचं आहे, हे विसरू नका. आपण हौसेने लॅपटॉपचा प्रॉम्प्ट सजवतो आणि एसएसएचने पलीकडे गेलो की तिथला आपला राखाडी प्रॉम्प्ट. धोका तर पलीकडेच आहे. शिवाय सर्व्हरवर सुडो वापरून रूटचा शेल उघडलात, की तो रूटची फाइल वाचतो, तुमची नाही. म्हणजे ज्या क्षणी पाटीची सर्वांत जास्त गरज, त्या क्षणी ती गायब. रूटच्या बॅशआरसीतही ती ओळ घाला. सर्वांसाठी एकच फाइल हवी तर डेबियन घराण्यात ईटीसीमध्ये बॅश डॉट बॅशआरसी आहे, पण नव्या वापरकर्त्याला मिळणारी वैयक्तिक फाइल तिच्यानंतर वाचली जाते आणि पीएस१ पुन्हा बदलते, तेवढं तपासा.

आता रंग. लोकांना यातच रस असतो, हे मला माहीत आहे. रंग म्हणजे टर्मिनलला पाठवलेली एक गुप्त खूण. बॅकस्लॅश ई, उघडणारा चौकोनी कंस, ३१, लहान एम, असं लिहिलं की पुढची अक्षरं लाल. ३२ हिरवा, ३३ पिवळा, ४१ म्हणजे लाल पार्श्वभूमी, ० म्हणजे पूर्ववत. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून रुळलेली ही पद्धत आजही चालते. तो टर्मिनल स्वतः एकरंगी होता, ते सोडा.

अडचण अशी की या खुणा स्क्रीनवर जागा घेत नाहीत, पण बॅशला ते कळत नाही. तो त्यांची अक्षरंही मोजतो. मग लांब कमांड लिहिली की ती पुढच्या ओळीवर न जाता स्वतःच्याच डोक्यावर छापली जाते. वरचा बाण दाबून जुन्या कमांड आणल्या की आधीच्या कमांडचे तुकडे स्क्रीनवर राहतात. हे तिसरं खोटं. जे दिसतंय ते आणि जे चालणार आहे ते, यांत फरक पडतो. पुसण्याची कमांड असेल तर विचार करा. उपाय सोपा आहे. रंगाच्या प्रत्येक खुणेच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडणारा चौकोनी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद करणारा चौकोनी कंस. या दोहोंमधलं मोजू नकोस, असं ते बॅशला सांगणं आहे. तुमच्याकडे ओळी विचित्र गुंडाळल्या जात असतील, तर बहुधा हेच राहिलेलं असतं.

रंग किती वापरावेत? माझं मत आहे, अगदी कमी. लाल पार्श्वभूमी फक्त प्रॉडक्शनसाठी राखून ठेवा. लॅपटॉपवरही शोभेसाठी लाल वापरलात तर डोळा आठवड्याभरात त्याला सरावतो आणि पुढे लाल दिसूनही दिसत नाही. आणि रंगावर एकट्यावर विसंबू नका. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारे सहकारी प्रत्येक मोठ्या कार्यालयात असतात. शब्द हवाच.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना घालायला सांगते, ती म्हणजे मागची कमांड यशस्वी झाली की नाही. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे ठीक. १२७ म्हणजे अशी कमांडच सापडली नाही. १३० म्हणजे तुम्ही कंट्रोल-सी दाबलं. १३७ म्हणजे कुणीतरी तो प्रोग्राम जबरदस्तीने मारला, आणि अनेकदा तो मारणारा मेमरी संपल्यामुळे आलेला कर्नल असतो. गिटलॅबचा बॅकअप रोज गुपचूप फसत होता, आठवतं ना? तो प्रॉम्प्टने पकडला नसता, कारण तो आपोआप चालायचा. पण आपण हाताने चालवतो त्या कमांडही कधीकधी चकार शब्द न काढता फसतात, आणि पुढची कमांड आपण निर्धास्तपणे देतो.

हा आकडा डॉलर-प्रश्नचिन्ह या व्हेरिएबलमध्ये असतो. प्रॉम्प्ट दाखवण्याआधी काही चालवायचं असेल तर बॅशमध्ये प्रॉम्प्ट-कमांड नावाचं व्हेरिएबल आहे, त्यात आपलं फंक्शन देता येतं. त्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत हा आकडा दुसऱ्या नावाने साठवून घ्या. आधी ब्रँच शोधलीत आणि मग आकडा वाचलात, तर तो ब्रँच शोधण्याच्या यशाचा आकडा असेल. आणि ० असताना काही दाखवू नका. शून्येतर आला तरच दाखवा, म्हणजे तो दिसल्यावर नजर थांबेल.

गिटची ब्रँच दाखवण्याबद्दल थोडं. गिटबरोबरच गिट-प्रॉम्प्ट नावाची तयार स्क्रिप्ट मिळते, तीच वापरा. आपण लिहिलेल्या चार ओळी आणि तिच्यात फरक काय, तर तिच्यातल्या चुका इतरांनी आधीच भोगून दुरुस्त केल्या आहेत. ब्रँचच्या नावात डॉलर आणि कंस चालतात. मग कुणी ब्रँचचं नावच कमांडसारखं ठेवलं आणि प्रॉम्प्टने ते नाव जसंच्या तसं पीएस१मध्ये चिकटवलं तर? तुम्ही नुसतं त्या डिरेक्टरीत गेलात की ती कमांड चालणार. या तयार स्क्रिप्टमध्येही अशी फट होती, ती २०१४ मध्ये बुजवली गेली. दुसरं म्हणजे वेग. बदललेल्या फाइल आहेत का, हे दाखवणारा पर्याय चालू केला तर गिटला दर वेळी सगळ्या फाइल तपासाव्या लागतात. मोठ्या प्रकल्पात किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवर प्रत्येक एंटरनंतर ताटकळत बसावं लागतं. तिथे तो पर्याय त्या प्रकल्पापुरता बंद ठेवता येतो.

प्रश्न घेऊ या.

(श्रोत्यांतून : मॅकवर हे चालत नाही.)

हो. २०१९ च्या कॅटलिनापासून ॲपलने नव्या खात्यांसाठी झेडशेल हा शेल ठेवला आहे. तत्त्व तेच, चिन्हं वेगळी. बॅकस्लॅशच्या जागी टक्क्याचं चिन्ह. टक्का एन म्हणजे वापरकर्ता, टक्का एम म्हणजे मशीन, टक्का आणि ~ म्हणजे डिरेक्टरी, टक्का आणि # म्हणजे साध्या वापरकर्त्याला % आणि रूटला #. फाइलचं नाव डॉट झेडशआरसी. कमांड दर वेळी चालवायची असेल तर प्रॉम्प्ट-सब्स्ट हा पर्याय आधी चालू करावा लागतो. टक्का एमसुद्धा नाव पहिल्या टिंबालाच तोडतो, त्यामुळे मघाचा धोका इथेही आहे.

(श्रोत्यांतून : माझ्या फोल्डरांची नावं मराठीत आहेत. कर्सर भलतीकडे जातो.)

मात्रा आणि जोडाक्षरं किती रकाने घेतात, याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचं नेहमी एकमत होत नाही. शेल एक मोजतो, टर्मिनल दुसरंच काढतं. नावं बदलू नका. प्रॉम्प्ट दोन ओळींचा करा. वरच्या ओळीत वातावरण, मशीन, डिरेक्टरी, काय हवं ते, मग बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ, आणि खालच्या ओळीत फक्त बॅकस्लॅश डॉलर. टाइप करण्याच्या ओळीत देवनागरी राहत नाही, त्यामुळे मोजणी चुकत नाही. लांब मार्गांसाठीही मला हीच पद्धत आवडते. जागा फारच कमी असेल तर प्रॉम्प्ट-डिरट्रिम या व्हेरिएबलला २ किंवा ३ द्या, मार्गातली शेवटची तेवढीच नावं दिसतील.

(श्रोत्यांतून : स्टारशिप किंवा पॉवरलेव्हल१०केसारखं तयार काही घेतलं तर?)

जरूर घ्या, लॅपटॉपवर छान आहेत. आज सांगितलेल्या बऱ्याच अडचणी त्यांनी सोडवलेल्या असतात. फक्त दोन गोष्टी बघा. एक, त्यांच्या चिन्हांसाठी खास फॉन्ट लागतो, नाहीतर चौकोन दिसतात. दुसरी, ज्या सर्व्हरवर तुम्हाला काही बसवायची परवानगी नाही, तिथे ते नसणार. तिथे आज टाइप केलेली ती एक ओळ, पुढे "प्रॉडक्शन" हा शब्द, आणि तीही रूटच्या फाइलमध्ये. ती हाताने लिहिता आली पाहिजे.